सहा दिवसांचं परमवीरचक्र : ले. कर्नल आर्देशिर तारापोर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे उडवले, अरुण खेत्रपाल पेटलेल्या रणगाड्यातून लढत राहिले, हे लगेच डोळ्यांसमोर उभं राहतं. तारापोरांनी नेमकं काय केलं? ते तर रणगाड्यांच्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ. सीओने मागे राहून हुकूम द्यायचे, मग ते पुढे काय करत होते? आणि १९६५ च्या युद्धात ज्यासाठी ते लढले ते पाकिस्तानातलं, सियालकोटजवळचं चाविंडा शेवटी पडलंच नाही, तर एवढा मोठा सन्मान कशासाठी?

मी चिलखती दलात, म्हणजे रणगाड्यांच्या दलात, सव्वीस वर्षं काढली, आधी विजयंता आणि मग टी-७२ या रणगाड्यांवर. मधली काही वर्षं नगरला पोरांना गनरी, म्हणजे तोफ चालवणं, शिकवली. पासष्टचं युद्ध मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या शिव्या खात शिकलो. त्यामुळे हे उत्तर रणगाड्यात बसणाऱ्या माणसाचं आहे, इतिहासकाराचं नाही.

आधी सायटेशन, म्हणजे पदकाचं मानपत्र, नीट वाचा. परमवीरचक्राच्या बहुतेक मानपत्रांत एक टेकडी असते, एक बंकर असतो, काही तासांची झुंज असते. तारापोरांच्या मानपत्रात स्पष्ट म्हटलंय की हा पराक्रम सहा दिवस चालला. ११ सप्टेंबर १९६५ ला सुरू झाला आणि १६ तारखेला त्यांच्या मृत्यूने संपला. आजवर २१ जणांना परमवीरचक्र मिळालं, त्यांत लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे ते एकटेच. बाकी सगळे मेजर किंवा त्याखालचे. म्हणजे हे चक्र एका गोळीचं किंवा एका उडीचं नाही, कमांडचं आहे. तुमची गोंधळाची जागा हीच आहे आणि ती रास्त आहे. कमांडचा फोटो काढता येत नाही.

माणूस कुठला, ते सांगतो. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. घरी आणि पुढे रेजिमेंटमध्ये ‘आदी’. घराण्यात सांगतात की पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली, आणि त्यातलं मुख्य गाव तारापूर म्हणून आडनाव तारापोर. हो, आज जिथे अणुवीज केंद्र आहे तेच पालघर जिल्ह्यातलं तारापूर. आजोबा पुढे हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले. आदीचं शिक्षण मात्र पुण्यात, सरदार दस्तूर शाळेच्या बोर्डिंगमध्ये. १९४० ला मॅट्रिक झाला आणि निजामाच्या फौजेत पायदळात अधिकारी म्हणून लागला. पायदळात त्याचं मन रमेना, त्याला चिलखती गाड्या हव्या होत्या.

त्या मिळाल्या त्याची गोष्ट फौजेत अजून सांगतात. ग्रेनेड फेकण्याचा सराव चालू होता. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, फेकणाऱ्यासाठी मातीच्या भिंतींचा छोटा कप्पा असतो. पिन काढली, हात मागे नेला, की पुढचे काही क्षण कुणी श्वास घेत नाही. एका नवख्या रंगरुटाचा हात चुकला आणि ग्रेनेड त्या कप्प्यातच पडलं. तारापोरांनी झेप घेतली, ते उचललं आणि बाहेर भिरकावलं. ते लगेच फुटलं आणि छऱ्यांनी त्यांची छाती फोडली. निजामाच्या फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी हे पाहिलं. नंतर त्यांना बोलावून शाबासकी दिली, तेव्हा तारापोरांनी संधी साधून बदली मागितली आणि ते पहिल्या हैदराबाद लान्सर्स या चिलखती गाड्यांच्या रेजिमेंटमध्ये गेले. मला या गोष्टीतलं धैर्य कळतंच, पण त्याहून आवडतो तो हिशेबीपणा. छातीवर पट्ट्या, समोर सेनापती, आणि माणूस म्हणतो, साहेब, बदलीचं तेवढं बघा.

दुसऱ्या महायुद्धात ते पश्चिम आशियात होते. हैदराबाद भारतात आल्यावर राज्याच्या फौजा विसर्जित झाल्या आणि १९५१ मध्ये ते भारतीय सेनेच्या पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले. मराठवाड्यातल्या वाचकांनी दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात. निजामाच्या फौजेची शरणागती जाहीर झाली १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याच फौजेत घडलेला हा अधिकारी सतरा वर्षांनी, १६ सप्टेंबरला, भारताच्या रणगाड्यांचं नेतृत्व करताना पडला. विलीनीकरण कागदावर एका दिवसात होतं. माणसं दुसऱ्या झेंड्याखाली इतकी कशी मिसळून जातात, ते अशा नोंदींत दिसतं.

पूना हॉर्सबद्दल एक गैरसमज काढून टाकतो, कारण नगरला येणारे शाळकरी हमखास विचारतात. नाव पुण्याचं, उभारणी १८१७ ची, पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतली. पण जवान मुख्यतः राजस्थान आणि उत्तरेकडचे. मराठा रेजिमेंट वेगळी, ही वेगळी. हे जुनं घोडदळ, म्हणून इथे अजून सवार, दफेदार, रिसालदार हेच हुद्दे. घोडे गेले, नावं राहिली. तारापोरांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव होतं ‘खुशाब’. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाबला याच रिसाल्याने इराणी पायदळाचा चौकोन घोड्यांनी फोडला होता, त्या लढाईवरून.

आता सियालकोटकडे. ७-८ सप्टेंबरच्या रात्री आपली पहिली कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांची मोठी फौज, सीमा ओलांडून आत शिरली. पुढे पहिली आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन, मेजर जनरल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांची. ८ तारीख लोक सहसा गाळतात. मी गाळत नाही, कारण ११ तारखेचं मोल तिच्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी गडगोरजवळ आपल्या पुढच्या दोन रेजिमेंट, १६ कॅव्हलरी आणि पूना हॉर्स, पाकिस्तानच्या २५ कॅव्हलरीच्या पॅटनवर आदळल्या. समोर एकच रेजिमेंट होती, पण तिने अशी फळी धरली की आपल्याला वाटलं समोर बरंच काही आहे. आगेकूच थांबली. ९ आणि १० हे दोन दिवस पुन्हा जुळवाजुळवीत गेले. तोवर त्यांची सहावी आर्मर्ड डिव्हिजन सावध होऊन समोर उभी राहिली. अचानक हल्ल्याचा फायदा गेला तो गेलाच. माझ्या मते चाविंड्याचं भवितव्य निम्मं त्या दोन दिवसांत ठरलं होतं. त्याचा हिशेब एका सीओच्या नावावर मांडू नये.

११ ला फिल्लौरा हे गाव. मुख्य धक्का द्यायचं काम पूना हॉर्सचं. फिल्लौरा आणि चाविंडा यांच्यामधून घुसत असताना वझीरवालीकडून पाकिस्तानी रणगाडे बगलेवर आले. रणगाड्याचं चिलखत समोर जाड असतं, बाजूला पातळ. बगलेवरून मार आला की प्रत्येक कमांडरची पहिली इच्छा असते की तिकडे तोंड वळवावं किंवा मागे सरकावं. दोन्ही केलं तर फिल्लौऱ्यावरचा हल्ला तिथेच मोडतो. तारापोर रेजिमेंटच्या अग्रभागी होते. त्यांनी त्या माऱ्याला तोंड देत जागा धरली आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची एक बटालियन घेऊन फिल्लौऱ्यावर चालून गेले. त्याच दिवशी फिल्लौरा पडलं. तारापोर जखमी झाले. मागे न्यायला आले तर गेले नाहीत.

‘सीओ पुढे का?’ याचं उत्तर इथे आहे. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये पंचेचाळीसच्या आसपास रणगाडे, तीन स्क्वाड्रन. ते दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले. सीओकडे नकाशा असतो, वायरलेस असतो आणि स्वतःचे डोळे. सियालकोटचा मुलूख सपाट, पण सप्टेंबरात पाऊस नुकताच सरलेला, ऊस डोक्याच्या वर, मधे गावं, झाडी, नाले. मागे बसलेल्याला नेटवर, म्हणजे रेजिमेंटच्या वायरलेसवर, फक्त आवाज ऐकू येतात: ‘उजवीकडे चार दिसतात’, ‘धूर आहे’, ‘माझा दोन नंबर बोलत नाही’. कुणाची उजवी? किती लांब? आणि आवाजातली घाबरगुंडी किती, खरं किती? पायदळाच्या लढाईत सीओ थोडा मागे राहून चालतो, तिथे काळ वेगळ्या गतीने जातो. रणगाड्यांच्या लढाईत परिस्थिती मिनिटामिनिटाला पालटते आणि ती बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आपल्या रिसाल्यांत सीओचा रणगाडा पुढच्या फळीला लागून चालतो. याची किंमत काय असते ते सगळ्यांना ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट झाकणाची. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, कमांडरच्या डोक्यावर गोल झाकण असतं, त्या जागेला कपोला म्हणतात. झाकण लावलं की जग पेरिस्कोपच्या काचांपुरतं उरतं. एकदा पंजाबात सरावाला मी उसाच्या कडेने माझा टँक नेत होतो. तोफखान्याच्या माऱ्याचा भाग आला म्हणून नियमाप्रमाणे झाकण लावलं. पाच मिनिटांत माझा शेजारचा टँक हरवला. चाळीस टनांची वस्तू, साठ पावलांवर! मी नेटवर त्याला शोधतोय आणि तो मला. अंपायरने दोघांनाही ‘उडाले’ म्हणून बाजूला बसवलं. तिथे फक्त इज्जत गेली. पासष्टमध्ये आपले कमांडर बहुतेक वेळ झाकण उघडं ठेवून, छातीपर्यंत बाहेर उभे राहून लढले, कारण जो आधी बघतो तो आधी मारतो. पण तोफगोळा फुटला की छर्रे पहिले याच माणसाला लागतात.

यंत्रांबद्दल थोडं सांगतो, कारण ‘पॅटन श्रेष्ठ होते तरी हरले कसे’ हा उपप्रश्न येणारच. पॅटनची तोफ ९० मिलिमीटर, अंतर मोजायला प्रकाशकीय यंत्र. आपल्या सेंच्युरियनची २० पाउंडर, म्हणजे ८४ मिलिमीटर, आणि अंतर डोळ्याने अजमावायचं. पण सेंच्युरियनचा चिलखत भेदणारा सॅबो गोळा सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर वेगाने सुटतो. गोळा इतका सरळ जातो की हजार मीटरच्या आत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तो लक्ष्यावरच बसतो. त्या उसाच्या मुलखात बहुतेक गाठी याच टप्प्यात पडल्या. पॅटनचं यंत्र वाईट नव्हतं, पण ते नीट वापरायला सराव फार लागतो आणि वेळही. तिथे वेळ नव्हता. सेंच्युरियनची उणीवही सांगतो. इंजिन पेट्रोलचं. वर्मी लागलं तर पेटायला वेळ लागत नाही, आणि आत चार माणसं.

जखमी सीओ मागे गेला तर बिघडतं काय? पुस्तकात काही नाही, टूआयसी, म्हणजे सीओनंतरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, ताबा घेतो. प्रत्यक्षात नेटवरचा आवाज बदलतो. रणगाड्यातला सवार सीओला पाहत नाही, ऐकतो. तीन-चार दिवस झोप नाही, कानात हेडफोन, इंजिनाचा घरघराट, आणि त्यातून तोच एक ओळखीचा आवाज शांतपणे सांगतोय की इकडे सरका, थांबा, आता. तो आवाज आहे तोवर लढाई ताब्यात आहे असं वाटतं. तारापोर ११ ला मागे गेले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ते राहिले. १४ ला त्याच जखमेनिशी रेजिमेंट घेऊन वझीरवाली घेतलं. ११ ला जिथून बगलेवर हल्ला आला होता, तेच ते वझीरवाली.

१६ तारीख. डाव असा होता की चाविंड्यावर समोरून धडका देण्याऐवजी त्याच्या पिछाडीला जायचं. त्यासाठी दोन गावं हवी होती, जस्सोरान आणि बुतूर-डोगरांडी. ९ डोगरा आणि ८ गढवाल रायफल्स या पायदळाच्या बटालियनांना घेऊन पूना हॉर्सने दोन्ही घेतली. मानपत्रात पुढे एक शब्द आहे जो सगळे वाचून पुढे जातात: त्यांनी दोन्ही ठिकाणी ‘पिव्हट’ टिकवून धरले. माझ्या दृष्टीने सगळं परमवीरचक्र या एका शब्दात आहे.

पिव्हट म्हणजे काय? खळ्यातली मळणी पाहिली असेल तर लगेच कळेल. मधोमध मेढ रोवतात, बैल तिच्याभोवती फिरतात. सगळं चालतं ते बैलांनी, पण मेढ हलली तर बैल कुठेही जातील. रणगाडे पुढे जाऊन एक जागा धरतात, टरेटपुरतं डोकं वर, बाकी धड मातीआड, तोफा शत्रूकडे. त्यांच्या आडोशाने पायदळ वळसा घालून हल्ला चढवतं. पिव्हटचं काम हलायचं नाही, आणि शत्रूला हे लगेच समजतं. मग रणगाडे, तोफा, जे काही असेल ते सगळं त्या एका जागेवर येतं. रणगाड्याचा सगळा जीव वेगात, आणि त्याला सांगायचं की बसून मार खा. शिकवताना मी नेहमी सांगायचो, धावणं कुणालाही जमतं, बसणं शिकायला वर्षं लागतात.

खुशाबवर अनेकदा गोळे बसले. तारापोर तिथेच राहिले. त्याच दिवशी त्यांना प्राणघातक जखम झाली, आणि रेजिमेंट त्यांच्यानंतरही लढत राहिली. मानपत्र हे वाक्य मुद्दाम घालतं. सीओ पडल्यावर रेजिमेंट मोडली नाही, ही त्याच्या कामाची शेवटची तपासणी असते. याच बुतूर-डोगरांडीच्या लढाईत ८ गढवालचे सीओ, ले. कर्नल झिराड, हेही पडले. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, म्हणून इथे घेतो.

आकड्याबद्दल सावध राहा. मानपत्र म्हणतं, सुमारे ६० शत्रूचे रणगाडे नष्ट, स्वतःचे ९ गेले. इंटरनेटवर लोक ‘सुमारे’ गाळून साठ ठोकून देतात. रणगाड्यांच्या लढाईत एकाच जळत्या सांगाड्यावर दोन ट्रूप, म्हणजे रणगाड्यांच्या छोट्या तुकड्या, प्रामाणिकपणे दावा करतात, आणि दोन्ही देशांचे हिशेब कधीच जुळत नाहीत. मला साठपेक्षा नऊचा आकडा जास्त बोलका वाटतो. स्वतःचे रणगाडे मोजताना चूक होत नाही. सहा दिवस शत्रूच्या आर्मर्ड डिव्हिजनशी झुंजून रेजिमेंटचा पाचवा हिस्सा जातो आणि बाकी रेजिमेंट लढण्याजोगी राहते, हे चांगल्या कमांडचं माप आहे.

चाविंडा? नाही पडलं. २३ सप्टेंबरला पहाटे युद्धबंदी झाली तेव्हा ते पाकिस्तानकडेच होतं. पिव्हट टिकूनही पिछाडीचा हल्ला तडीला गेला नाही. यात पायदळ आणि चिलखती दल यांच्या ताळमेळाचे दोष होते, वरच्या पातळीवरची ओढाताण होती, आणि समोरचेही जीव तोडून लढले. मोहीम फसली म्हणून तिच्यातल्या प्रत्येकाचं काम फसत नाही. फौजेत हे दोन हिशेब वेगळे ठेवतात. बाहेर ते एकत्र होतात आणि मग तुमच्यासारखा प्रश्न पडतो.

त्यांची शेवटची इच्छा लढाईच्या मधेच सांगून झाली होती. टूआयसी मेजर चीमा यांना ते म्हणाले होते की मी पडलो तर माझं दहन रणभूमीवरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, कडं आणि फाउंटन पेन मुलाला. पारशी घरातल्या माणसाने दहन मागणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्यात अग्नी इतका पवित्र की प्रेताचा स्पर्श त्याला होऊ देत नाहीत. त्यांनी आपल्या सवारांची रीत मागून घेतली, आणि ती पाळली गेली.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, त्याच सियालकोट-शकरगडच्या बाजूला बसंतरजवळ याच रेजिमेंटचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. रणगाडा पेटला, बाहेर पडायचा हुकूम मिळाला, आणि त्याने कळवलं की तोफ अजून चालते आहे. चिलखती दलात आजवर दोनच परमवीरचक्रं आहेत, दोन्ही पूना हॉर्सची. हा पोरगा ज्या मेसमध्ये जेवायचा तिथे तारापोरांची गोष्ट रोजच्या बोलण्यातली होती, हे तुम्ही उत्तरात धरा किंवा सोडा, मी धरतो.

खुद्द चक्र कधी पाहायला मिळालं तर नीट बघा. कांस्याचं, जांभळी फीत, मधे राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा. रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या युरोपातल्या, लग्नाने मराठी घरात आल्या.

आणि नगरला आलात तर रणगाडा संग्रहालयात या. सेंच्युरियन उभा आहे. वर चढू देत नाहीत, पण बाजूने टरेटकडे बघा. उजवीकडे मागच्या बाजूला कमांडरचा कपोला आहे. त्यात माणूस उभा केला तर त्याचं किती अंग बाहेर राहील, ते जमिनीवरूनच हाताने मोजून बघा.